फेसाचं कडं

सुनंदा, तुझ्या लॅबच्या नळ्या मी भांड्यांच्या साबणानं घासल्या होत्या.

तुला हे माहीत आहे. धारवाडातल्या अर्ध्या सप्तापूरला माहीत आहे, कारण मीच ते सांगत फिरले. पण तू गेल्यापासून जो तो तुझ्याबद्दल इतका चेहरा पाडून बोलतोय, की कुणीतरी माझ्या मूर्खपणापासून सुरुवात करायला हवी असं मला वाटलं. तुलाही तेच आवडलं असतं.

आमच्या घराची पुढची खोली तू लॅबसाठी मागायला आलीस, तेव्हा नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं. मी पन्नाशी ओलांडलेली, आणि घरमालकीण असल्याचा केवढा तोरा! मी अट घातली: घरात अंडं येणार नाही. तू मान हलवलीस आणि विचारलंस, "अक्का, अल्कोहोल चालेल?" मी दार लावून घेतलं होतं, आठवतं? मग तू बाहेरूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, ते पिण्याचं नसून तपासणीचं असतं हे समजावत राहिलीस. गल्लीनं आणखी ऐकू नये म्हणून मी दार उघडलं. खोली तुला अशी मिळाली.

तर त्या नळ्या. काचेच्या, बोटाएवढ्या, लाकडी घोडीवर ओळीनं उभ्या. मला त्या धुरकट दिसायच्या. मनात म्हणायची, शिकलेली मुलगी, पण घासायला शिकली नाही. एकदा दुपारी तू पोस्टात गेलीस आणि मी घोडी उचलून परसात नेली. दुधाच्या बाटलीचा ब्रश, साबणाची वडी, आणि माझा हात. अशा लखलखल्या म्हणतेस! आता आपल्याकडे नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांनी. साठवलेल्या पाण्यातलं मी एका बादलीपेक्षा जास्त कशी खर्च करणार? सगळ्या नळ्या त्याच एका बादलीत बुडवून काढल्या आणि ते पाणी जास्वंदीला घातलं. जास्वंद जगली. तेवढंच काय ते बरं झालं.

संध्याकाळी हुबळीहून एक नमुना आला. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी. त्याआधी कधीतरी तू मला सांगितलं होतंस, की बाळाच्या फुप्फुसात लेसिथिन नावाचा एक पदार्थ तयार होतो आणि त्यातला थोडा त्या पाण्यात उतरतो. पाण्यात अल्कोहोल मिसळायचं, नळी जोरानं हलवायची आणि उभी करून ठेवायची. लेसिथिन पुरेसं असेल तर नळीच्या कडेला फेसाचं कडं टिकून राहतं. नसेल तर फेस येतो आणि विरून जातो. कडं टिकलं तर फुप्फुस तयार, बाळ बाहेर आलं तरी श्वास घेईल.

त्या संध्याकाळी कडं टिकलं. सगळ्याच नळ्यांत टिकलं. जिच्यात बाळाचं पाणी नव्हतंच, नुसतं मिठाचं पाणी आणि अल्कोहोल होतं, त्या कोऱ्या नळीतही मोगऱ्याच्या गजऱ्यासारखं कडं! तू ती कोरी नळी उजेडात धरलीस, मग माझ्याकडे पाहिलंस.

"अक्का, ह्या कुणी धुतल्या?"

"मी. बघ कशा चकाकतायत."

तू रागावली नाहीस. तेव्हा काही बोललीस. ते मी शेवटी लिहिणार आहे, कारण हे सगळं पत्रच मुळात त्या बोलण्यासाठी आहे. निम्मा नमुना तू बर्फात जपून ठेवला होतास, म्हणून त्या बाईची तपासणी पुन्हा करता आली आणि कडं नाही हा खरा निकाल गेला. मी मात्र जेवताना ह्यांना सांगून हसले, की एवढासा साबण आणि केवढं अवडंबर. कोरी नळी ठेवली नसतीस तर माझ्या साबणानं एक कच्चं बाळ बाहेर काढायला लावलं असतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. कारण ते बाळ दुसऱ्या कुणाचं होतं.

मग माझी लेक मंजू बाळंतपणाला आली.

तिचं पहिलंच, आणि बाळ पायाळू. हुबळीच्या केशवापुरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिझर करावं लागेल. आता पोट कापायचंच आहे, तर दिवस आपण का निवडू नये? हे माझं डोकं! पंधरवड्यावर अक्षय्यतृतीया आली होती. त्या दिवशी मुहूर्तसुद्धा पाहावा लागत नाही. मी नवनगरच्या जोशीबुवांकडे जाऊन आले आणि त्यांनी होय म्हणताच बाळाची कुंडली डोक्यात मांडूनही टाकली. त्यात वाहन होतं, बंगला होता, परदेशगमन होतं. श्वास घेता येईल की नाही, तेवढा रकाना राहिला होता.

मंजूच्या तारखांचा घोळ होता. डॉक्टरीणबाईंना दिवस नक्की सांगता येईनात. तृतीया तोंडावर आली तेव्हा त्या म्हणाल्या, पाणी तपासून घेऊ, कडं आलं तर त्या दिवशी करू. त्यांनी नमुना काढला आणि थर्मासमध्ये बर्फावर ठेवून दिला. न्यायला कोण? मीच. केशवापूरहून धारवाडला बसनं, वैशाखाचं ऊन, मांडीवर थर्मास. देवघरातली गंगा काय कुणी जपेल!

तू माझ्यादेखत सगळं केलंस. नळ्या तुझ्या हातच्या धुतलेल्या, साबणाचा संबंध नाही. कोऱ्या नळीत कडं नाही. मंजूच्या नळीत फेस वर आला, मी मनात पेढे वाटायला लागले, आणि बघता बघता तो फेस विरून गेला. तळ्यावर पावसाचा थेंब पडून मिटावा तसा. कडेला एक बुडबुडा राहिला नाही.

"अजून तयार नाही," तू म्हणालीस.

"परत हलव."

हलवलंस. परत तेच.

मग मी तुझीच विद्या तुझ्यावर उलटवली. तूच मला सांगितलं होतंस, की त्या पाण्यात लेसिथिन तोडणारी एन्झाइमंही असतात, थंडीत ती गप्प बसतात आणि उष्णतेत कामाला लागतात, म्हणून बर्फ. मी म्हटलं, "बसमध्ये केवढं ऊन होतं! बर्फ वितळून गेला असणार. लेसिथिन होतं, तुझ्या एन्झाइमांनी खाल्लं."

"थर्मास उघडला तेव्हा बर्फ होता, अक्का."

"पाणी होतं. मी आणलाय की तू?"

"तडीरी, अक्का," तू म्हणालीस. हा तुझा शब्द. मराठी बोलता बोलता थांबा म्हणायची वेळ आली की तू कन्नडात जायचीस. तू आत गेलीस, दुधाची रिकामी पिशवी आणलीस, आतून ओली केलीस, तळव्यांत दाबून चपटी केलीस आणि माझ्या हातात दिलीस. "फुंकून उघडा."

मी फुंकलं. गाल दुखेपर्यंत फुंकलं. पिशवीच्या ओल्या भिंती एकमेकींना सोडायला तयार नाहीत. मग तू साबणाच्या पाण्याचा एक थेंब आत सोडलास, आणि पिशवी सुटली.

"फुप्फुसात अशा बारीक बारीक पिशव्या असतात," तू म्हणालीस. "आतून ओल्या. श्वास सोडला की भिंती चिकटायला बघतात. लेसिथिन असलं की सुटतात. तुमच्या साबणानं त्या दिवशी लेसिथिनचं सोंग घेतलं होतं ते ह्यामुळंच. तुमच्या नातवंडाकडे अजून पुरेसं नाही. प्रत्येक श्वासाला त्याला असं फुंकावं लागेल. एवढंसं बाळ, किती वेळ फुंकेल?"

एवढं ऐकल्यावर शहाणी बाई गप्प बसली असती. मी म्हणाले, "रिपोर्टात कडं आलं म्हणून लिही. नाहीतर उद्यापासून खोली रिकामी कर."

बघ, शोभलं का हे मला! तू नळ्या पालथ्या घालत म्हणालीस, "करते. पण रिपोर्ट हाच जाणार." आणि खरंच दुसऱ्या दिवशी खोक्यात पुस्तकं भरायला लागलीस. मंजूला कळलं तेव्हा ती पोटावर हात ठेवून तुझ्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली. "आई, खोक्यातली पुस्तकं बाहेर काढ," मला म्हणाली. "आणि माझं बाळ आत राहू दे. त्याचं ते येईल."

अक्षय्यतृतीया गेली. मी घरातून आदळआपट करत फिरले. मंजू दिवसेंदिवस फुगत राहिली, तू रोज येताजाता तिच्या पायांची सूज बघत राहिलीस, आणि मी तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवून रोज तुला चहा पाठवत राहिले. आणखी एकदा पाणी तपासायचं ठरत होतं, तोवर कळाच सुरू झाल्या. अमावास्येला! निवडून निवडून माझ्या नातीनं अमावास्या निवडली. ती सिझरनं आली, पायाळू आणि काळीसावळी, आणि ओरडली ती अशी की बाहेर बाकावर बसलेली मी उभी राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तृतीयेला हिला अजून महिना बाकी होता. तारखांचा घोळ होता तो तेवढा मोठा.

तू जिन्यापाशी उभी होतीस. म्हणालीस एवढंच, "आवाज चांगला आहे, अक्का. फेस भरपूर असणार."

दुसऱ्या आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा अंडी मागितली. दुकानदारानं मला वर-खाली पाहिलं. म्हटलं, "पाहुण्यांना." कोथिंबिरीखाली लपवून ती पिशवी तुझ्या टेबलावर ठेवली. जंतू वाढवायच्या तुझ्या त्या अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या बशा करायला तू बिचारी दर वेळी दुसऱ्यांच्या लॅबमध्ये जायचीस ना, माझ्या अटीमुळं. तू अंड्यांकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडलीस. लोक फुलं देतात, मी अंडी दिली.

त्या बशा मला आवडायला लागल्या. बलकात लेसिथिन असतं, आणि जखम सडवणारे काही जंतू ते तोडणारं एन्झाइम सोडतात. मग जंतूंच्या ठिपक्याभोवती पांढुरकं वलय उमटतं. चंद्राला खळं पडावं तसं. तू सांगायचीस, सापाच्या विषातही ह्याच जातीचं एन्झाइम असतं, आणि आपल्या पोटातही असतं, जेवण पचवायला. मी म्हणायची, म्हणजे सासूसारखंच, कुठं बसवलंय त्यावर सगळं. तू हसून खुर्चीवरून घसरायचीस.

बर्फाचं भांडण मात्र आपण मिटू दिलं नाही. माझ्या त्या नातीच्या, मुक्ताच्या, प्रत्येक वाढदिवसाला मी म्हणायची, "बर्फ वितळला होता." तू म्हणायचीस, "नव्हता." मुक्ता मोठी झाली, चढावर सायकल हाणत शाळेत जायला लागली, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला लागली, आणि आपण दोघी अजून तिथंच. ती विचारायची, कुठला बर्फ? आपण सांगायचो नाही.

आणि मग तुझं पोट दुखायला लागलं. नुसता पित्ताचा खडा, असं आधी वाटलं. खडा अडकला आणि स्वादुपिंड सुजलं. मी डबा घेऊन दवाखान्यात आले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि तू तो बाजूला करून बोलायला बघत होतीस.

"बोलू नको," मी म्हटलं.

"तडीरी," म्हणालीस. आणि श्वास घेत घेत, तुकड्यातुकड्यानं, मला शिकवलंस. की जे एन्झाइम जेवणातलं लेसिथिन पचवायला ठेवलेलं असतं, ते जागा सोडून रक्तात शिरलंय. आता फुप्फुसातलं लेसिथिन खातंय. "गंमत बघा, अक्का. माझी दुधाची पिशवी झालीय."

मला गंमत दिसली नाही, सुनंदा. मला ते एन्झाइम हातात सापडलं असतं तर मी ते साबणानं घासलं असतं.

मग तू डोळे मिचकावलेस. "आता खरं सांगा. बर्फ वितळला होता?"

आणि मी काय म्हणाले? "वितळला होता. पाण्याचं पाणी."

"खोटं."

"घरी चल. मग भांडू."

मला वाटलं, खरं सांगितलं तर भांडण संपेल, आणि भांडण संपलं तर तुला घरी यायला काही कारण उरणार नाही. असला हिशोब मी केला. तृतीयेच्या हिशोबाइतकाच पक्का. तू आली नाहीस.

परवा तुझं तेराव्याचं गोड जेवण झालं. माणसं पांगली, आणि तुझ्या लेकीच्या, स्मिताच्या सासूबाई स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "अक्का, पितृपक्षाच्या आधी हिचं उरकून टाकू म्हणते." जणू पापड लाटायचे होते.

तू गेलीस तेव्हा स्मिताच्या पोटात बाळ होतं, हे लिहितानासुद्धा मला राग येतो. तिचंही सिझरच आहे. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांचं काय, अजून तीन आठवडे थांबा म्हणतात. मध्ये पक्ष येतो. आधीच आई गेलेली, त्यात पक्षातलं मूल. लोक काय म्हणतील? आग्रह धरला तर करतील की डॉक्टर."

स्मिता ओट्याशी उभी होती. तिचं बोलायचं बळ तू घेऊन गेलीस. एरवी तू बोलली असतीस. आता कोण होतं तिथं? मी! जी तुला खोलीबाहेर काढायला निघाली होती, ती.

मी चहाच्या दुधाची रिकामी पिशवी धुतली, तळव्यांत चपटी केली आणि सासूबाईंच्या पुढं धरली. "बाई, एवढी जरा फुंकून उघडता?"

"हे काय?"

"उघडा तर."

त्यांनी फुंकलं. चांगल्या धडधाकट बाई, पण चेहरा बिटासारखा झाला, डोळ्यांत पाणी आलं, पिशवी काही सुटेना. स्मिताला हसू फुटलं. तू गेल्यानंतर पहिल्यांदा, सुनंदा. हसता हसता ती रडायला लागली, आणि मी दोन्ही होऊ दिलं. मग सासूबाईंना तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. बारीक पिशव्या, ओल्या भिंती, एवढंसं बाळ किती वेळ फुंकेल.

त्या म्हणाल्या, "पण आता असल्या नळ्या कुठं हलवतात? सोनोग्राफीत सगळं कळतं."

"कळतं. तीच सांगतेय, तीन आठवडे."

"तुम्ही तरी मंजूच्या वेळी तृतीयेला हटून बसला होता म्हणे."

"बसले होते. म्हणून तर तुमच्यापुढं उभी आहे."

त्यांनी पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "पक्ष संपल्यावर तरी चांगला दिवस बघू द्याल ना?"

"बघा. एक सोडून दोन बघा. मी स्वतः जोशीबुवांकडे येते."

त्या बघू म्हणाल्या. बघूवर मी विसंबत नाही, माझंच ते किती वेळा म्हणून झालंय. त्यामुळं आता दर तपासणीला स्मिताबरोबर मी जाणार आहे. बसनं, गुडघे दुखले तरी. डॉक्टरांच्या खोलीत सासूबाईंच्या आणि टेबलाच्या मध्ये खुर्ची घेऊन बसणार आहे. कुणी दिवस काढला की मी पिशवी काढणार. धुतलेली पर्समध्येच ठेवली आहे. मला म्हातारी, खुळी, काय म्हणायचं ते म्हणू देत. तुझ्या नातवंडाला ओरडायला येईपर्यंत मी हटणार नाही.

आणि आता ते राहिलेलं. मुक्ता शेजारी बसून हे वाचतेय, तिलाही कळू दे.

बर्फ वितळला नव्हता. केशवापूरपासून सगळ्या वाटेनं तो माझ्या मांडीवर खडखडत होता. सप्तापूरच्या स्टॉपवर उतरताना शेवटच्या पायरीवर हिसका बसला, तेव्हासुद्धा वाजला. मी ऐकला होता. तू जिंकलीस. तुला हे ऐकवायला मला उशीर झाला, आणि ह्या उशिराला काही उपाय नाही.

तुझी खोली मी भाड्यानं देणार नाही. नळ्या घोडीवर आहेत, धुरकट आहेत, त्यांना हात लावलेला नाही. काल दारात उभी राहिले तेव्हा ती साबणाची संध्याकाळ आठवली. हुबळीचा डॉक्टर फोनवर घाई करत होता, तू त्याला उशीर होईल म्हणून सांगून फोन ठेवलास, साबणाच्या फेसानं भरलेली कोरी नळी माझ्या हातात दिलीस, आणि मी लाजेनं परसाकडे धावत सुटणार तेवढ्यात मागून म्हणालीस:

"अक्का, सगळ्या परत धुवा. साबण नको, नुसतं पाणी. घाई करू नका, मी थांबते."